विश्लेषण : कार्डावरची जुनी मोटार मुळात कुठली? चित्रांचा माग कसा काढतात?

उल्हासनगरच्या मालावरचे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षे ऐकू येतो. त्यातली गंमत सोडली तरी मुद्दा उरतोच. वस्तूवर छापलेले मूळ आणि तिचे खरे मूळ एकच असेल असे नाही. सिगारेटच्या पाकिटातली कार्डे, चहाच्या पुड्यातली कार्डे, मुलांचे ट्रम्प कार्ड आणि काडेपेटीवरचे छाप यांवर झळकणाऱ्या जुन्या मोटारींनाही हे लागू होते. ही चित्रे कुणी काढली, कशावरून काढली आणि त्यांवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न आता केवळ छंदापुरता राहिलेला नाही.

मोटारी कार्डांवर आल्या कशा?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यांत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घातला जाई. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापावे आणि चित्रांचा संच पूर्ण करण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यावे, ही युक्ती कंपन्यांना सुचली. खेळाडू, जहाजे, पक्षी यांच्यानंतर मोटारींची पाळी आली. ‘लॅम्बर्ट अँड बटलर’ या ब्रिटिश कंपनीने १९२२ मध्ये २५ मोटारींचा संच काढला. ‘जॉन प्लेयर’ने १९३६ आणि १९३७ मध्ये प्रत्येकी ५० कार्डांचे दोन संच आणले. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि ब्रिटनमधली ही कार्डे बंद पडली. पुढे चहाच्या पुड्यांनी ती जागा घेतली. ‘ब्रुक बाँड’ने १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये मोटारीचा इतिहास सांगणारा ५० कार्डांचा संच दिला. नंतर वेग, अश्वशक्ती, वजन यांचे आकडे एकमेकांशी लढवायचे ट्रम्प कार्ड आले. महाराष्ट्रातल्या कित्येकांची रोल्स रॉइसशी पहिली ओळख उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा कार्डावरच झाली.

अंबरनाथचा यात संबंध काय?

चित्र गोळा करण्याचे भारतातले सर्वांत स्वस्त साधन म्हणजे काडेपेटी. सरकारने १९२२ मध्ये आयात काड्यापेट्यांवरचा कर वाढवला. तेव्हा स्वीडनच्या बलाढ्य ‘स्वीडिश मॅच’ कंपनीने इथेच कारखाने काढायचे ठरवले. १९२३ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ म्हणजेच ‘विम्को’ स्थापन झाली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. ‘जहाज’ छापाची पेटी घरोघरी पोहोचली. कंपनी पुढे ‘आयटीसी’ समूहाकडे गेली, तरी अंबरनाथ पश्चिमेला ‘विम्को नाका’ हे नाव टिकून आहे.

काडेपेटीवरचे चित्र आणि कार्डावरचे चित्र यांची गोष्ट एकच आहे. दोन्ही दुसऱ्या कशावरून तरी घेतलेली असतात. राजा रविवर्मा यांच्या देवदेवतांचा प्रवास हे त्याचे ठळक उदाहरण. मूळ तैलचित्र, त्यावरून मळवलीच्या छापखान्यातले शिळाप्रेस चित्र आणि त्या चित्रावरून काडेपेटीचा छाप. प्रत्येक पायरीवर रंग बदलले, तपशील गळाले आणि चित्रकाराचे नावही पुढे अनेकदा पुसले गेले. मोटारींचेही तसेच झाले.

मूळ चित्र सहसा कुठले असते?

बहुतेक वेळा ते कंपनीच्या विक्रीपत्रकातले किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतले असते. काही वेळा वृत्तछायाचित्र किंवा संग्रहालयातल्या गाडीचा फोटो असतो आणि पुष्कळदा आधीचे एखादे कार्डच असते. यातले शेवटचे सर्वांत फसवे. एकच चित्र तीन संचांत दिसले म्हणजे तीन पुरावे मिळाले असे वाटते. प्रत्यक्षात एकाचीच तीनदा नक्कल झालेली असते. पहिल्याने नाव किंवा साल चुकवले असेल तर ती चूक पुढच्या दोघांत जशीच्या तशी उतरते. शोधणाऱ्याला या चुकाच उपयोगी पडतात. दोन कार्डांवर एकसारखी चूक असेल, तर एकाने दुसऱ्यावरून उचलल्याची शक्यता फार मोठी.

मोटारच आपला पत्ता कसा सांगते?

पहिली खूण म्हणजे स्टिअरिंग. अमेरिकेतल्या फोर्ड ‘मॉडेल टी’चे स्टिअरिंग डावीकडे असे. चित्रात ते उजवीकडे दिसले तर गाडी उजव्या स्टिअरिंगच्या देशासाठी बनलेली असते किंवा चित्र छपाईत उलटे झालेले असते. अशा वेळी नंबरप्लेट आणि गाडीवरची अक्षरे पाहावीत. ती उलटी असतील किंवा मुद्दाम खोडलेली असतील, तर चित्र उलटले हे जवळपास नक्की. मात्र उजवे स्टिअरिंग म्हणजे विलायती गाडी, असेही मानू नये. ‘जनरल मोटर्स’ १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती.

दुसरी खूण म्हणजे एकाच गाडीची दोन नावे. अ‍ॅम्बेसेडर ही मुळात ब्रिटनची ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ मालिका तीन. पद्मिनीचे मूळ इटलीच्या ‘फियाट ११००’मध्ये. वालचंद हिराचंद यांच्या ‘प्रीमियर’ने ती कुर्ल्यात बनवली. कार्डावर ‘पद्मिनी’ लिहिले आहे आणि स्टिअरिंग मात्र डावीकडे आहे, असे दिसले तर चित्र इटलीच्या पत्रकातून आले असण्याची शक्यता धरावी. नंबरप्लेटवर ‘एमएच’ असेल तर छायाचित्र १९८९ नंतरचे, कारण ही अक्षरे तेव्हापासूनची. कल्याणची ‘एमएच-०५’ लावलेली १९३० सालची गाडी कार्डावर दिसली, तर तो फोटो गाडीच्या तारुण्यातला नाही, म्हातारपणातला आहे.

कागद आणि छपाईवरून काय कळते?

यासाठी दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. दगडावरच्या जुन्या रंगीत छपाईत रंगाचे ठिपके हाताने मारलेले आणि अनियमित दिसतात. छायाचित्रावरून बनवलेल्या ठशात आणि ऑफसेट छपाईत ते जाळीसारखे रांगेत असतात. जुन्या कार्डावरून नवे कार्ड छापले असेल तर जाळीवर जाळी चढते आणि बारीक रेषा धूसर होतात. सिगारेट कार्ड १९२२चे म्हणून विकले जात असेल आणि त्याच्या अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी बनलेल्या असतील, तर ते पुनर्मुद्रण असल्याचा संशय घ्यावा.

भारतीय छापांवर मजकूरही साल सांगतो. किंमत आण्यांत असेल तर छाप १९५७च्या आसपासचा किंवा आधीचा, ‘नवे पैसे’ असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतला. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ म्हटले असेल तर तो सहसा १ मे १९६० पूर्वीचा. सहा अंकी पिनकोड असेल तर १९७२ नंतरचाच. मात्र यावरून कळते ते छापाचे वय. चित्र त्याहून कितीतरी जुने असू शकते.

इंटरनेटवर शोधले की काम भागत नाही का?

मोबाइलवर चित्र टाकून तसेच चित्र शोधणे ही चांगली सुरुवात आहे. पण तिथे आधी सापडतात त्या सर्वाधिक फिरलेल्या नकला आणि त्यांच्यासोबत सर्वाधिक फिरलेली माहिती. मूळ जाहिरात बहुधा कागदावरच असते. त्यासाठी वर्तमानपत्रे आणि मासिकांचे जुने अंक उलटावे लागतात. बदलापूर-अंबरनाथच्या वाचकाला १८६४ साली सुरू झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मुंबईची एशियाटिक सोसायटी लोकलच्या अंतरावर आहेत. सापडलेले चित्र मूळ आहे की नाही यासाठी एक साधी कसोटी आहे. मूळ चित्रात नकलेपेक्षा जास्त दिसते. कार्डावर कापला गेलेला मडगार्डचा कोपरा, मागची इमारत, चालकाचा हात जिथे पूर्ण दिसतो, ते चित्र आधीचे.

मूळ सापडल्याने फरक काय पडतो?

पहिला फरक पैशांचा. मूळ संच आणि पुनर्मुद्रण यांच्या किमतीत मोठे अंतर असते. दुसरा कायद्याचा. अनामिक चित्रावरचा हक्क भारतात प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो, तर चित्रकाराचे नाव माहीत असल्यास त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. त्यामुळे ‘जुने आहे, कुणाचेच नाही’ असे धरून छापणे अंगाशी येऊ शकते.

तिसरा फरक प्रत्यक्ष गाड्यांचा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. गाडी मुळात कशी होती हे दाखवायला जुने चित्र हाताशी लागते. पण कार्डावरचे रंग अनेकदा कृष्णधवल छायाचित्रावर चित्रकाराने आपल्या मनाने भरलेले असतात. त्यावर विसंबून रंगवलेली गाडी दिसेल देखणी, पण ती तिच्या काळातली असेल असे नाही. आकारासाठी कार्ड पाहावे, रंगासाठी कंपनीचे पत्रक किंवा गाडीच्या दाराआड शिल्लक राहिलेला जुना थर.

घरात जुनी कार्डे सापडली तर काय करावे?

अंबरनाथ-बदलापुरात बैठ्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत आणि माळ्यावरच्या ट्रंका भंगारवाल्याकडे जात आहेत. अशा ट्रंकेत कार्डे किंवा छाप मिळाले तर ते वहीतून सोलून काढू नयेत. कार्डांच्या मागच्या बाजूचा मजकूर, वहीतला क्रम आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली तारीख हा चित्राइतकाच पुरावा असतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, वही कुणाची होती ते लिहून ठेवावे आणि प्लास्टिकच्या चिकटपट्टीला हात लावू नये. गाडीचे नाव नंतरही शोधता येईल. वही एकदा रद्दीत गेली की तो माग तिथेच संपतो.