दोन सर्व्हर, एकच खातं: केबल तुटली तर निर्णय कोण घेतं?

समजा, भूममधल्या एका खवा उत्पादकाच्या खात्यात 10,000 रुपये आहेत. हे खातं दोन सर्व्हरवर ठेवलेलं आहे. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम सांभाळायचं. अशा जोडणीला 'हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर' म्हणतात.

पण दोन्ही सर्व्हर सुरू असताना फक्त मधली केबल तुटली तर? प्रत्येकाला वाटतं, दुसरा बंद पडला. मग एटीएममधून 8,000 रुपये पहिल्या सर्व्हरवर निघतात आणि यूपीआयने 8,000 दुसऱ्यावर. आता खरा हिशोब कोणता? या घोळाला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात. तो टाळायचे मुख्य मार्ग तीन आहेत.

1. बहुमत (कोरम): ग्रामसभेच्या गणपूर्तीसारखंच, पण इथं निम्म्याहून जास्त मतं लागतात. तीन सर्व्हरपैकी दोन एकमेकांना दिसले तर तेच काम करतात, एकटा पडलेला थांबतो. खर्च मात्र तिसऱ्या सर्व्हरचा.

2. साक्षीदार: दोनच सर्व्हर असतील तर तिसरं मत एखाद्या सामायिक डिस्कला किंवा छोट्या सर्व्हरला देतात. हे स्वस्त पडतं. पण साक्षीदार तिसऱ्या जागी आणि वेगळ्या केबलवर हवा. एकाच इमारतीत ठेवला तर तिथली वीज जाताच दोन मतं एकदम जातात.

3. फेन्सिंग: ज्याचा भरवसा नाही त्या सर्व्हरची वीजच तोडायची. डेटा वाचवण्याची ही सर्वात खात्रीची पद्धत. पण मत ठरवणारं कोणी नसेल तर दोघं एकमेकांना बंद करू शकतात. म्हणून बहुमत आणि फेन्सिंग सोबत वापरतात.

महाराष्ट्रातलं उदाहरण

24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) व्यवहार सकाळी 11:40 ला थांबले आणि दुपारी 3:45 ला पुन्हा सुरू झाले. मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र जोडणाऱ्या दूरसंचार लिंक बिघडल्या होत्या. एनएसईच्या म्हणण्यानुसार लिंक दोन कंपन्यांकडून घेतल्या होत्या, तरीही साठवण यंत्रणा सर्व्हरना मिळेनाशी झाली, कारण बिघाडानंतर काम दुसरीकडे वळवण्याच्या तर्कातच त्रुटी होती.

म्हणजे जास्तीची केबल पुरत नाही. ती तुटल्यावर कोणी थांबायचं हे आधी ठरवून, मुद्दाम केबल काढून तपासावं लागतं.

'सेवा तात्पुरती उपलब्ध नाही' हा संदेश वैताग आणतो. पण काही वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो: हिशोब चुकण्यापेक्षा सर्व्हरने थांबणं पसंत केलं.