रिमोटवर चालणारं झुरळ!

रिमोटचं बटण दाबलं की खेळण्यातली मोटार वळते. पण बटण दाबलं आणि जिवंत झुरळ वळलं तर? ही जादू नाही, विज्ञान आहे बरं का!

आपल्या भंडारा जिल्ह्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा-रेशमाच्या अळ्या वाढवतात. अळी स्वतःभोवती कोसा विणते, आत तिचं रूप पालटतं आणि पतंग बाहेर येतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका जातीच्या पतंगाची हीच अवस्था हेरली. शरीर घडत असतानाच त्यांनी आत बारीक तारा बसवल्या. मग पतंग तारांसकटच बाहेर आला!

हा खटाटोप कशासाठी? चिमुकल्या यंत्राला उडवायला बॅटरी लागते आणि ती लवकर संपते. कीटकाला पंख, पाय आणि ताकद निसर्गानंच दिलेली असते. म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या 'डार्पा' या संस्थेनं २००६ साली अशा संशोधनाला पैसा पुरवायचं ठरवलं. २००९ साली कॅलिफोर्नियात हिरोताका सातो आणि मिशेल महारबिझ यांनी एका मोठ्या भुंगेऱ्याला रेडिओच्या संदेशावर उडवून, थांबवून, वळवून दाखवलं.

झुरळाची युक्ती आणखी सोपी आहे. त्याच्या डाव्या मिशीला विजेचा हलकासा झटका दिला, की डावीकडे काहीतरी आडवं आलंय असं त्याला वाटतं आणि ते उजवीकडे वळतं.

सैन्याला यात रस का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पाठीवर कॅमेरा घेऊन कीटक शत्रूच्या इमारतीत शिरू शकेल. अमेरिकेतच बरानी रामन यांच्या गटानं २०२० साली दाखवलं, की टोळाच्या मेंदूतले संदेश वाचून स्फोटकांचा वास ओळखता येतो. या कामाला तिथल्या नौदलाची मदत होती.

पण दुसरी बाजूही पहा. मार्च २०२५ मध्ये म्यानमारला मोठा भूकंप झाला. तेव्हा सिंगापूरनं तिथे अशी १० झुरळं पाठवली. ढिगाऱ्याच्या फटींत शिरून अडकलेली माणसं शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे जे झुरळ हेरगिरी करू शकतं, तेच जीवही वाचवू शकतं. त्याला कुठे धाडायचं, हे ठरवतो माणूस.

आणि त्या किड्याचं काय? त्याला दुखतं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तसं पाहिलं तर रेशमासाठी कोसे उकळताना आतला जीव जातोच. मग माणसाच्या उपयोगासाठी मुक्या जिवाला किती राबवायचं? आज जेवताना आई-बाबांना विचारा आणि तुम्हाला काय वाटतं, तेही त्यांना सांगा.