नम्रतेने बोध स्वीकारणे

आज आपण बोध स्वीकारण्याविषयी मनन करणार आहोत. सल्ला विचारणं सोपं असतं. मग अवघड काय असतं? न आवडणारा सल्ला ऐकून घेणं. कारण पुष्कळदा आपण सल्ला मागतो, पण मनातून फक्त होकार शोधत असतो.

१ राजे १२ व्या अध्यायात रहबामाचं असंच झालेलं दिसतं. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोक शखेमात जमले आणि त्याने आपल्यावर लादलेलं जड जू हलकं करावं, अशी त्यांनी विनंती केली. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. आधी वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं की लोकांशी गोड बोला, त्यांची सेवा करा, म्हणजे ते कायमचे तुमचे होतील. आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हा सल्ला त्याने आधी टाकून दिला आणि मग आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांना विचारलं. म्हणजे मन आधीच ठरलं होतं, हवी होती ती साथ. परिणाम? दहा वंश तुटून गेले.

आता प्रेषितांची कृत्ये १८ व्या अध्यायात या. अपुल्लो हा आलेक्सांद्र शहरचा, मोठा वक्ता आणि शास्त्रात पारंगत. इफिसच्या सभास्थानात तो धैर्याने बोलत होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनी ते ऐकलं. हे पतिपत्नी तंबू बनवणारे. त्यांनी त्याला चारचौघांत खोडून काढलं नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. तंबू शिवणाऱ्यांनी मला शिकवावं काय, असं अपुल्लो म्हणाला असता तर? तसं काही झालेलं दिसत नाही. पुढे तो अखयास गेला आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याचं फार साहाय्य झालं. म्हणजे बोध घेतल्याने त्याची सेवा कमी झाली नाही, उलट वाढली.

प्रियांनो, हे सांगताना आम्ही स्वतःला वगळत नाही. एकदा प्रार्थनासभा संपल्यावर एका आजींनी आम्हाला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, “बाळा, उपदेशात लेकराच्या चुका सांगतोस, लोक हसतात. पण ते पोर खाली मान घालून बसलेलं असतं, बघितलंस का?” आम्ही बघितलं नव्हतं. तेव्हा राग आला. यांना उपदेशातलं काय कळतं, असंही मनात आलं. कित्येक दिवस आम्ही त्यांना टाळलं. शेवटी घरी मुलाला विचारलं, तर तो काही बोललाच नाही, नुसता रडला. त्या दिवशी आम्ही त्याची क्षमा मागितली. आजींकडे जायला मात्र अजून एक आठवडा लागला. अहंकार असा चिवट असतो!

मग कोणीही काहीही सांगितलं तर मानायचं का? नाही. बिरुयातले लोक पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात शोधून पाहत. आपणही वचनाशी पडताळून पाहावं. पण पडताळणं वेगळं आणि पळवाट शोधणं वेगळं. सांगणारा लहान आहे, कमी शिकलेला आहे, त्याच्यात स्वतःत दोष आहेत, या गोष्टींनी त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही.

म्हणून नीतिसूत्रांत ज्याला वाग्दंड म्हटलं आहे तो वाट्याला आला, की लगेच उत्तर देऊ नका. आधी आभार माना. रात्री प्रार्थनेत प्रभूला विचारा, यात खरं किती आहे? आणि खरं असेल तेवढं सकाळी उठून करा.

या आठवड्यात एक करू या. आपल्याला कोणी काही सांगितलं आणि आपण त्याच्याशी बोलणं कमी केलं, असं एक माणूस आठवू या. त्याच्याकडे स्वतः जाऊ या. प्रभू आपणांस ऐकणारं मन देवो. आमेन.