'ज्या' ते 'साइन' : एका गणिती संज्ञेचा प्रवास

प्रस्तावना

महाड-पोलादपूर परिसरातील मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी भूमितीत 'जीवा' हा शब्द सहज वापरतो. त्रिकोणमितीतील 'साइन' मात्र त्याला परका वाटतो व तो केवळ गुणोत्तर म्हणून पाठ केला जातो. वस्तुतः या दोन्ही संज्ञांचे मूळ एकच आहे. प्रस्तुत लेखात त्या मुळाचा मागोवा घेतला आहे.

संज्ञेचा उगम

संस्कृतात 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानल्यास त्याची टोके जोडणारा रेषाखंड ही दोरी ठरते. ग्रीक गणिती टॉलेमीने पूर्ण जीवांचे कोष्टक केले होते; भारतीय ज्योतिर्गणिताने अर्धी जीवा स्वीकारली. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय' ग्रंथात ३४३८ कला त्रिज्या धरून २४ अर्धज्यांमधील फरक दिले. ६० अंशांच्या कंसाची जीवा त्रिज्येइतकी, म्हणजे ३४३८ असते. तिचा अर्धा भाग १७१९ ही ३० अंशांची ज्या होय. तिला त्रिज्येने भागले की आजचे १/२ हे मूल्य मिळते. पुढे 'अर्धज्या' या शब्दाऐवजी नुसते 'ज्या' रूढ झाले.

भाषांतरातील बदल

अरबी ग्रंथकारांनी 'जीवा' हा शब्द 'जीब' असा घेतला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा दाखवीत नसल्याने 'जीब' व 'जैब' ही रूपे सारखीच दिसतात. 'जैब' म्हणजे वस्त्राचा गळा किंवा घडी. हिंदीतील 'जेब' हा त्याचाच वंशज. बाराव्या शतकातील लॅटिन अनुवादकांनी त्याच अर्थाचा 'साइनस' हा शब्द योजला. 'कोसाइन' म्हणजे पूरक कोनाची साइन, अर्थात आपली 'कोटिज्या'. 'को' व 'कोटि' यांतील ध्वनिसाम्य योगायोगाचे असले, तरी आशय एकच आहे.

निष्कर्ष

हा इतिहास अध्यापनास उपयुक्त आहे. काटकोन त्रिकोणावर आधारलेली व्याख्या लघुकोनापुरतीच पुरते. महाविद्यालयात १२० अंशांची साइन काढताना विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. वर्तुळातील अर्धी जीवा मात्र तेथेही डोळ्यांना दिसते. ती व्यासाच्या कोणत्या बाजूस आहे यावरून चिन्हही कळते. म्हणून प्रथम वर्तुळ, मग जीवा, मग तिचा अर्धा भाग व शेवटी गुणोत्तर, असा क्रम ठेवल्यास परकी वाटणारी संज्ञा विद्यार्थ्याला त्याच्याच भाषेतून उमगेल.