यंत्राचे वाजिब-उल-अर्ज

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे नाव ऐकताच इकडच्या माणसाला आठवतो तो महाशिवरात्रीला भाविकांनी गजबजणारा डोंगर, त्याच परिसरातील ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा, आणि पलीकडे नवेगाव बांधापर्यंत पसरलेला तळ्यांचा व धानाच्या बांध्यांचा मुलूख. या मुलखात पाणी मोजून घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मालगुजारी तलावाचे पाणी कोणत्या पाटाने, कोणत्या क्रमाने, कोणाच्या बांधीत जावे याविषयीचे गावाचे रिवाज ज्या दप्तरात नोंदलेले असतात त्याला ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणतात, आणि गावाच्या पडीत जमिनीतून चराई, सरपण, गौण वनोपज कोणी कसे घ्यावे हे ज्यात लिहिलेले असते ते ‘निस्तारपत्रक’. मालगुजारी, म्हणजे मालगुजारांकरवी सारा वसूल करण्याची पद्धती, १९५१ साली संपुष्टात आली, परंतु ही दोन्ही दप्तरे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आपले स्थान राखून आहेत. एका जुन्या संगणकाला पुन्हा बोलते करण्याच्या खटाटोपात ही दोन दप्तरे मला पुनःपुन्हा आठवत राहिली. म्हणून त्या खटाटोपाचा हा परिचय त्यांच्यापासूनच आरंभिणे मला उचित वाटते.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ अर्जनवीस होते. फेरफार, निस्तार, तलावाचे पाणी, वारसनोंद अशा बाबींचे अर्ज ते शेतकऱ्यांना लिहून देत. प्रथम हाताने, पुढे टंकयंत्रावर, आणि १९९४ पासून एका संगणकावर. तो संगणक म्हणजे इंटेलच्या ४८६-एसएक्स या प्रोसेसरचे, ४ मेगाबाइट स्मृतीचे व १७० मेगाबाइट डिस्कचे एक जडशीळ पांढरे खोके होते, आणि त्याच्या पोटात पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड बसवलेले होते. मोहन तांबे यांनी कानपूरच्या आयआयटीत आरंभलेल्या व पुढे सी-डॅकमध्ये विस्तार पावलेल्या या कार्यामुळेच डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. अर्जनवीस निवर्तल्यावर त्यांचा मुलगा मला म्हणाला, “भाऊ, बाबांनी गावोगावचे अर्ज यात लिहून ठेवले आहेत. ते निघतील का?” डिस्कचा आरंभीचा भाग खराब झालेला असल्यामुळे यंत्र स्वतः होऊन सुरू होत नव्हते, आणि ती डिस्क काढून आजच्या संगणकाला जोडावी म्हटले, तर सिलिंडर, हेड व सेक्टर या जुन्या पत्त्यांनीच ओळखली जाणारी ती डिस्क आजच्या जोडणीच्या अडाप्टरला ओळखता येईना. तेव्हा तिचे यंत्र जागे करूनच, परंतु तिच्यावर एक अक्षरही न लिहिता, तिची सेक्टर-सेक्टर नक्कल जाळ्यावरून, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावी, असा निश्चय झाला.

या कामाला ‘इन्स्टॉलेशन कर्नल’ हे साधन विशेष उपयोगी पडते. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक या सर्वांवर ज्याचा अंमल चालतो तो भाग. प्रणाली बसवताना डिस्क अद्याप रिकामी असते, म्हणून त्या वेळचा कर्नल आपला संसार बरोबर घेऊन येतो: त्याच्या उदरातच एक छोटी डिस्क, जिला रॅमडिस्क म्हणतात, कोरलेली असते, आणि आज्ञा वाचणारा शेल, डिस्कचे विभाग पाडणारी, तिची नक्कल करणारी व जाळे जोडणारी मोजकी हत्यारे तिच्यात ठेवलेली असतात. हा सारा संसार स्मृतीतच मांडला जात असल्यामुळे डिस्कला स्पर्श करण्याची गरज त्याला पडत नाही. स्थापनेसाठी घडवलेला हा पाहुणा आमच्यासारख्या उत्खननाच्या कामालाही म्हणूनच योग्य ठरतो.

मी निवडलेली प्रणाली नेटबीएसडी ही होती. विल्यम व लिन जोलिट्झ या दांपत्याने १९९२ साली बर्कलीची युनिक्स-परंपरा ३८६ प्रोसेसरवर उतरवून ‘३८६-बीएसडी’ प्रसिद्ध केली. तिच्यातून १९९३ साली नेटबीएसडीचा उगम झाला, आणि शक्य तितक्या निरनिराळ्या यंत्रांवर चालणे हे या प्रणालीने आपले ब्रीद मानले. जुन्या यंत्रांशी सोबत करण्याची प्रत्येक प्रणालीची सीमा वेगळी असते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये ज्या ३८६ वर लिनक्सचा प्रारंभ केला, त्याच ३८६ चा आधार लिनक्सने २०१२ च्या अखेरीस काढून घेतला. यात दोष कोणाचाही नाही. जुने सांभाळण्याचे श्रम कोणाला तरी सोसावेच लागतात. म्हणून जुन्या यंत्रासाठी प्रणालीचीही जुनी आवृत्ती घ्यावी, आणि तिचा कर्नल आपल्या हातांनी बेतावा, हा राजमार्ग होय.

कर्नल बेतावा का लागतो? सर्वांसाठी म्हणून जो कर्नल दिला जातो तो अत्यंत उदार असतो. जगातील नाना प्रकारच्या डिस्का, जाळ्याची कार्डे, ध्वनीची कार्डे यांपैकी जे असेल ते सापडावे म्हणून तो प्रत्येकाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा भाग, आपल्यासोबत वागवतो. भरपूर स्मृतीच्या यंत्रावर हे औदार्य शोभते. चार मेगाबाइटच्या यंत्रावर तेच प्राणघातक ठरते, कारण पहिल्या मेगाबाइटपैकी ६४० किलोबाइटांच्या वरचा ३८४ किलोबाइटांचा पट्टा पडदा व बायोस यांच्याकडे राखीव असतो, कर्नल त्याच्यावर, म्हणजे एका मेगाबाइटपासून पुढे, उतरतो, आणि उरलेल्या तीन मेगाबाइटांत कर्नल, त्याच्या पोटातील रॅमडिस्क व चालणारे प्रोग्राम या सर्वांना बहुतांशी भागवून घ्यावे लागते. दुसरी मर्यादा फ्लॉपीची: ८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट, मिळून १४,७४,५६० बाइट, आणि त्यापलीकडे एकही नाही. कर्नल आवळून, म्हणजे संकुचित करून, फ्लॉपीवर बसवता येतो. परंतु स्मृतीत उतरताना तो पुन्हा आपल्या पूर्ण देहानेच उतरतो. फ्लॉपीत मावला म्हणजे यंत्रात मावला, असे समजणारा हमखास फसतो.

तरी चार मेगाबाइटांना तुटपुंजे म्हणताना इतिहासाचे भान ठेवले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केलेल्या संगणकाची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे अवघ्या १०,२४० बाइटांची होती. आमच्या अर्जनविसाचे खोके त्याच्या चारशे पटींहून अधिक धनवान होते. दारिद्र्य यंत्रात नव्हते. आपण त्याच्यावर लादू पाहत होतो त्या ओझ्यात होते.

नेटबीएसडीच्या भांडारात ‘इन्स्टॉल-टायनी’ नावाची एक कॉन्फिग फाइल चार मेगाबाइटांच्या यंत्रांकरिताच ठेवलेली होती. तिची नक्कल करून मी तिला आमच्या यंत्राच्या मापाने कातरू लागलो. ही फाइल म्हणजे साध्या ओळींची यादी असते, आणि तिची घडण पाहताच मला वाजिब-उल-अर्ज आठवले ते येथे. कोणते उपकरण, कोणत्या मार्गावर, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या क्रमांकाच्या हाकेचा हक्कदार, असा प्रत्येक ओळीचा मजकूर: डिस्कचा नियंत्रक आयसा मार्गावर, म्हणजे कार्डे जोडण्याच्या वाहिनीवर, पोर्ट १एफ०, इंटरप्ट १४, फ्लॉपीचा नियंत्रक पोर्ट ३एफ०, इंटरप्ट ६. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारावयाची हाक. अशा हाका सोळाच, आणि त्यांतील एक दोन नियंत्रक-चिपांना परस्परांशी जोडण्यातच खर्ची पडते, म्हणून वाटपास उरतात पंधरा. एका पाटाच्या पाण्यावर दोघांनी एकाच प्रहरी हक्क सांगितला तर जे होते, तेच एका इंटरप्टवर दोन कार्डे बसली असता होते.

शिवाय हा आयसा मार्ग, जो १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून रूढ झाला, स्वतःविषयी काहीही सांगत नाही. पुढे १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय मार्गावरील कार्ड विचारताच आपले कुलनाम सांगते. आयसावरील जुने कार्ड मुके असते. म्हणून कर्नलला पत्त्यापत्त्यावर जाऊन दार ठोठावून पाहावे लागते, आणि भलत्या दारावर थाप पडली तर आतले भलतेच कार्ड बिथरून सारे यंत्र ठप्प होऊ शकते. जिस्ट कार्डाची ओळख असलेला ड्रायव्हर नेटबीएसडीत नव्हता. त्याची शांतता भंगू नये म्हणून तरी अनावश्यक ठोठावणे बंद करणे अगत्याचे होते.

मग गाळणी सुरू झाली. पीसीआय या यंत्रात नव्हतेच, ते गेले. स्कझी नियंत्रकांची रांग गेली, सीडी वाचणारा भाग गेला. पुष्कळ विचारांती डॉसची फॅट पद्धती वाचणारा भागही मी काढला. ज्या पद्धतीत अर्जनविसाचे सारे अर्ज लिहिलेले, तीच काढून टाकावी हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल; परंतु आम्हांला तर कच्च्या सेक्टरांची नक्कल हवी होती, आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम दुसऱ्या, सधन यंत्रावर स्वस्थपणे होणार होते. आपल्याला काय हवे आहे हे नेमके कळल्यावाचून काय नको हे ठरत नाही, ही शिकवण मला त्या एका ओळीने दिली.

दोन ठिकाणी मात्र माझी कातर चुकली. एसएक्स जातीच्या ४८६ मध्ये अपूर्णांकी गणिताचा विभाग उपलब्ध नसतो. त्याची उणीव कर्नलमधील एका पर्यायाने सॉफ्टवेअरच्या बळावर भरून काढावी लागते. तो मी हौसेने वगळला, आणि पहिल्याच अपूर्णांकी हिशेबाला चालता प्रोग्राम कोलमडला. दुसरी चूक अधिक बोधप्रद होती. कर्नल सुरू होण्याच्या क्षणी त्याला थांबवून यादीतील एखादा पत्ता हाताने दुरुस्त करण्याची सोय नेटबीएसडीत असते. काही किलोबाइट वाचावेत म्हणून मी ती सोयही काढून टाकली होती. यंत्र सुरू झाले, जाळ्याचे कार्ड पत्ता ३०० वर सापडले, परंतु एकही निरोप जाईना. पडद्यावर ‘डिव्हाइस टाइमआउट’ ही एकच तक्रार थांबून थांबून उमटत राहिली. खोके उघडून विजेरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा कार्डावरील इवलासा जंपर पाचाच्या जोडीवर बसलेला दिसला, आणि माझ्या फाइलीत मात्र मूळ यादीतला दहाचा आकडा तसाच राहून गेला होता. कार्ड पाचव्या हाकेने आक्रोश करत होते आणि कर्नल दहाव्या दाराशी कान लावून बसला होता. एका आकड्यासाठी सारा कर्नल पुन्हा बांधावा लागला. या खेपेस गणिताचा पर्याय परत आला, आणि दुरुस्तीची सोयही परत आली. काटकसर करताना चूक सुधारण्याचे साधन कधीही विकू नये.

कर्नल आजच्या वेगवान यंत्रावर बांधावा, त्यात रॅमडिस्क कोरावी, त्याला आवळावे आणि फ्लॉपीवर उतरवावे, असा क्रम. या नव्या बांधणीची फ्लॉपी घरघरत वाचली गेली, पडद्यावर एकेका उपकरणाची ओळ उमटली, आणि त्या ओळींत आमच्या खोक्यात जे होते तेवढेच होते, अधिक काही नव्हते. मग नकलेची आज्ञा दिली. सेक्टरामागून सेक्टर जाळ्यावरून वाहू लागले. काही खराब निघाले, तेथे तितक्या लांबीचे शून्य भरून पुढे जाण्याची योजना होती. मुलगा शेजारी खुर्ची ओढून बसला होता. त्याने काही विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही.

नकलेतून फाइली वेगळ्या केल्या. जिस्ट मजकूर साठवी तो ‘इस्की’ या संहितेत, जी १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. आजच्या युनिकोडमधील देवनागरीचा अनुक्रमही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणे कठीण नाही. इस्कीत १७९ हा अंक दिसला की तो ‘क’. अंक एकेक करून अक्षरांत फिरू लागले आणि पडद्यावर एका गावच्या तलावाच्या पाण्याचा अर्ज उभा राहिला: अर्जदाराची बांधी पाटाच्या शेवटी असून पाळीप्रमाणे पाणी मिळत नाही, सबब वाजिब-उल-अर्ज पाहून योग्य तो हुकूम व्हावा. मुलाने तो दोनदा वाचला. “हे ‘सबब’ बाबांचंच,” तो म्हणाला.

आता त्या खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कॉन्फिग फाइलीतील ओळी, प्रत्येक जंपरची जागा आणि इंटरप्टचे आकडे शाईने लिहिले आहेत, आणि शेवटच्या ओळीत जिस्ट कार्ड कोणत्या खाचेत आहे तेही. उद्या जो कोणी हे झाकण उघडील, त्याला कोणत्या पाटाचे पाणी कोणाचे हे विचारत फिरावे लागणार नाही.