पाटीचा दगड आला कुठून?

आजोबांची जुनी दगडी पाटी घरात असेल, तर तिची कड नीट पाहा. दगड इतका पातळ कसा?

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या काळ्या दगडाची अशी पाटी निघणार नाही. तो बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला आणि थिजलेला लाव्हारस. त्याचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात. घाव घातला, की वेडेवाकडे ढलपे उडतात.

पाटीचा दगड जन्मतो चिखलातून. पाण्याच्या तळाशी साचलेल्या बारीक गाळाचा शेल खडक बनतो. भूकवचाच्या हालचालींत तो दाबला व तापला, की त्यातील अभ्रकासारखे चपटे कण एका दिशेने रांगेत बसतात. टेबलावर आगकाड्या विस्कटा आणि दोन पट्ट्यांनी समोरासमोरून दाबा. काड्या पट्ट्यांना समांतर होतील. अशा दगडाचे छिन्नीने पापुद्रे सुटतात. हिमालयातील कांगडा भागात घरांच्या छपरांवर तेच घालतात.

पाटीवरची पेन्सिलही दगडीच. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून उत्तरेस गेले, की माळव्यात मंदसोर लागते. तेथे शेल कापून पेन्सिली करण्याचा धंदा वाढला. यंत्राच्या करवतीने उडणारी सिलिकाची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साचे आणि सिलिकोसिस जडे. १९८२ मध्ये मध्य प्रदेशाने या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. सिलिकोसिस बरा होत नाही, पण टाळता येतो. दगड ओला ठेवून कापावा, धूळ उडते तिथेच यंत्राने ओढून घ्यावी.

पाटीवरचे अक्षर म्हणजे पेन्सिलीची भुकटीच. ते पुसताना पेन्सिल कापणाऱ्यांचीही आठवण ठेवा.