नाक कुठंय?

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात ओट्यावर बसलेली आजी आठ महिन्यांच्या नातवाला विचारते, ‘‘नाक कुठंय?’’ बाळ ढिम्म. मग तीच त्याचं बोट धरून नाकाला लावते, ‘‘हे बघ!’’

वेळ वाया? मुळीच नाही. सहा ते नऊ महिन्यांची बाळं खाऊची, अवयवांची नावं ऐकली की नेमक्या त्या चित्राकडे जास्त बघतात, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२मध्ये दाखवलं. बोल फुटण्याआधीच समज आलेली असते.

खरी गंमत प्रश्नानंतर थांबण्यात आहे. जरा गप्प राहिलं, की बाळ हुंकारतं, पाय झाडतं. तेच त्याचं उत्तर. त्यावर ‘‘हो का? भूक लागली?’’ म्हणावं. मोबाइलवरचं गाणं काही हुंकाराची वाट बघत नाही. वर्षाच्या आसपास ‘‘दूध की केळं?’’ विचारावं, बोट दाखवलं, की ‘‘केळं हवंय होय!’’ म्हणत सोलायला घ्यावं.